सोसायटी ऑनलाइन झाली, पण त्याने कारभार सुधारेल का? जाणकारांनी सांगा

शिवारातली

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे पण पूर्ण वाचून उत्तर द्या ही विनंती.

मी आमच्या गावच्या विकास सोसायटीवर गेल्या वर्षी संचालक म्हणून निवडून आले, महिलांच्या दोन राखीव जागा असतात त्यातल्या एका जागेवर. बीकॉम झालंय, लग्नाआधी तीन वर्षं एका सीएच्या ऑफिसात टॅली करायचे, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. सोसायटीचे ४०० च्या वर सभासद आहेत. जिल्हा बँकेकडून पीककर्ज येतं ते वाटायचं, वसूल करायचं आणि खताचं एक गोडाऊन सांभाळायचं एवढाच व्याप. गटसचिव, म्हणजे सोसायटीचे हिशेब आणि वह्या बघणारे, एकच, त्यांच्याकडे आमची धरून तीन सोसायट्या, आमच्याकडे येणार मंगळवारी आणि शुक्रवारी.

केंद्राची ती सोसायट्या कॉम्प्युटराइज करायची योजना आहे ना, २०२२ च्या जूनमध्ये मंजूर झालेली, तेव्हा ६३ हजार सोसायट्या आणि २,५१६ कोटी असा आकडा होता, त्यातून आमच्याकडे कॉम्प्युटर, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन सगळं आलंय. सॉफ्टवेअर नाबार्डकडून. जुन्या वह्यांतल्या बाक्या चढवून झाल्या, सचिव म्हणतात आपण गो-लाइव्ह झालो आणि चेअरमनसाहेब प्रत्येक कार्यक्रमात सांगतात की आता कारभार पारदर्शक.

आता मला काय दिसलं ते सांगते. आमच्या सासऱ्यांनी पीककर्जाचे ४०,००० रुपये २४ जूनला भरले, हातानं लिहिलेली पावती घरात आहे. ३० जूनच्या आत भरलं की पंजाबराव देशमुख योजनेत व्याज लागत नाही म्हणून मुद्दाम दोन शेळ्या विकून भरले होते. मी ती पावती घेऊन गेले आणि स्क्रीनवर त्यांचं खातं उघडायला लावलं, तर भरणा दिसतोय ९ जुलैचा. पंधरा दिवस पैसे कुठे होते? सचिव म्हणाले वहीत तसंच होतं, वही बघून चढवलंय. वही मागितली तर त्या पानावर खाडाखोड. म्हणजे जी चूक आधी पेन्सिलीनं खोडता आली असती ती आता छापून आली, आणि वर सगळे म्हणणार कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे बरोबरच असणार.

आणि वार्षिक सभेचं काय सांगू, मागच्या वर्षी गणसंख्येअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासानं त्याच जागी परत सुरू, मग गणसंख्येची अट नाही, ११ विषय वीस मिनिटांत मंजूर मंजूर मंजूर. सूचक अनुमोदकाची नावं प्रोसिडिंगमध्ये आधीच लिहिलेली होती, मी स्वतः बघितली. यंदाची सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागेल.

तर प्रश्न असा की या टेक्नॉलॉजीनं सोसायटीचं दुखणं खरंच बरं होतं का? कुठे झालेलं बघितलंय का कुणी? माझ्या हातात चार वर्षं आहेत, ती या कॉम्प्युटरच्या मागे लागून घालवावीत की दुसरीकडे जोर लावावा हे मला मनापासून ठरवायचंय.

---

जुना_गटसचिव

ताई, ३१ वर्षं गटसचिव होतो, आता निवृत्त. तुमचं वाचून जीव तुटला कारण अशी पानं मी बघितली आहेत, आणि दुसऱ्यांच्या वह्यांतलीच बघितली असंही म्हणत नाही, तीन-तीन गावं सांभाळताना भरणा उशिरा चढायचा, माझ्याकडूनही झालंय ते, तेव्हा भरणाऱ्याचं व्याज किती वाढेल याचा विचार डोक्यात नसायचा.

आधी कॉम्प्युटरचा फायदा काय ते सांगतो, कारण फायदा आहे. वहीत मागची तारीख टाकायला काहीच लागत नाही, दोन ओळी कोऱ्या सोडायच्या आणि नंतर भरायच्या, लेखापरीक्षणाच्या आदल्या रात्री अख्खी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, नव्यानं लिहिलेलीही बघितली आहे. सॉफ्टवेअरमध्ये रोज डे-एंड करावा लागतो, एकदा दिवस बंद झाला की मागे जाऊन गुपचूप नोंद घालणं अवघड. पुढच्या जूनमध्ये कुणी २४ तारखेला पैसे भरले आणि त्याच दिवशी त्याच्यासमोर मशीनमधून पावती निघाली तर ९ जुलै होणार नाही. पण पावती समोर निघाली तरच. सचिव मंगळवार-शुक्रवार येणार आणि मधल्या दिवसांचा भरणा चेअरमनच्या पुतण्याकडे कच्च्या चिठ्ठीवर राहणार असेल तर सॉफ्टवेअर बिचारं काय करणार.

आता दुखण्याकडे येतो. सोसायट्यांचं मोठं दुखणं म्हणजे अनिष्ट तफावत. तुम्हाला माहीत असेल पण इथे शहरातलेही वाचतात म्हणून सांगतो. समजा सभासदांकडून सोसायटीला येणं आहे १ कोटी १० लाख आणि सोसायटीला जिल्हा बँकेचं देणं आहे १ कोटी ३२ लाख. मधले २२ लाख गेले कुठे? थोडे वसुलीतून पगार-भाडं भागवण्यात जातात, थोडे बँकेनं आमचा भरणा आधी व्याजाला धरला आणि आम्ही सभासदाच्या मुद्दलाला धरला यात जातात, आणि काही ठिकाणी सरळ खाल्लेले असतात. असं झालं की बँक नवीन कर्ज द्यायला हात आखडते आणि ज्यांनी वेळेवर भरलं त्यांनाही मिळत नाही. कॉम्प्युटर ही तफावत एका बटणावर दाखवेल, आम्हाला काढायला आठ दिवस लागायचे. भरून मात्र काढणार नाही. ते २२ लाख कुठून आणायचे हा प्रश्न माणसांचाच आहे.

दुसरं नवं-जुनं. ३१ मार्च जवळ आला की शेतकरी सावकाराकडून शेकडा व्याजानं पैसे उचलतो, भरतो, आठवड्यात नवीन कर्ज घेतो, आणि सावकाराचे देऊन टाकतो. सॉफ्टवेअरमध्ये तो नियमित कर्जदार, वसुली ९५ टक्के, वरच्या ऑफिसला आनंद. घरात त्याचं कर्ज दुप्पट झालेलं असतं. हे कुठल्याही स्क्रीनवर दिसत नाही.

मग फरक कशानं पडतो? मी दोन कर्जमाफ्यांचं काम केलंय. २०१७ च्या जूनमध्ये जाहीर झालेली, तिला शेतकऱ्यानं ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. आमच्या वहीत बाळू, आधारवर बाळासाहेब, बँकेत बाळकृष्ण, तिन्ही याद्या जुळेनात, आम्ही रात्र रात्र जिल्हा बँकेत बसून माहिती भरतोय आणि शेतकऱ्याला कळतच नाही की त्याचं नाव अडकलंय कुठे. मग २०१९ च्या डिसेंबरची महात्मा फुले योजना. यादी गावात लावली, शेतकऱ्यानं आधार घेऊन जायचं, त्याच्या नावावर किती रक्कम दाखवलीय ती बघायची, मान्य असेल तर अंगठा, मान्य नसेल तर तसं नोंदवायचं आणि तक्रार जिल्हा समितीकडे. हिला आमची दमछाक पुष्कळ कमी झाली. कॉम्प्युटर दोन्ही वेळेला होता हो, पण दुसऱ्या वेळी आकडा पक्का करायच्या आधी ज्याचं कर्ज त्याला विचारलं होतं.

तुमच्या सोसायटीत बाक्या चढवताना सभासदाला विचारलं का? मला वाटतं नाही विचारलं. तिथून सुरुवात करा.

---

गोरेगावकर

मी शेतीतला नाही, मुंबईतला ठेवीदार आहे, पण मला यात बोलायचंच आहे.

पीएमसी बँकेत आमच्या घरातली आईची पेन्शन, वडिलांच्या ग्रॅच्युइटीची ठेव सगळं होतं. ती सहकारी बँकच होती आणि तिथे काही वह्या-पेन्सिली नव्हत्या, पूर्ण कोअर बँकिंग, मोबाइल ॲप, मेसेज, सगळं. आणि त्याच सिस्टिममध्ये एका बिल्डर ग्रुपची ४४ खाती लपवायला २१,०४९ बोगस खाती दाखवली होती. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले तेव्हा पहिल्या दिवशी नियम होता सहा महिन्यांत १,००० रुपये. आई पासबुक घेऊन गेटवर उभी होती, पासबुक एकदम बरोबर छापलेलं, एक रुपयाची चूक नाही त्यात. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

मग २०२५ च्या फेब्रुवारीत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह. तपासणीत तिजोरीतली १२२ कोटींची रोकड कमी निघाली. पुस्तकात पैसे आहेत आणि तिजोरीत नाहीत. यावर कुठलं सॉफ्टवेअर इलाज करणार? तिजोरी उघडून नोटा मोजणारा प्रामाणिक माणूस लागतो.

त्यामुळे ताई, कॉम्प्युटर आला म्हणून विश्वास ठेवू नका एवढंच कळकळीनं सांगतो. ज्याच्या हातात पासवर्ड आहे त्याला काय काय दिसतं आणि तुम्हाला काय दिसतं यातला फरक आधी शोधा. आमच्या वेळी तो फरक कुणी शोधला नाही.

---

वारणाकाठ

शिवारातली ताई, झालेलं बघितलंय का असं विचारलंत म्हणून लिहितोय, आमच्याकडे हा प्रयोग २५ वर्षांपूर्वी झालाय.

तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणेचा परिसर तुम्हाला माहीत असेल, साखर कारखाना, दूध संघ, बझार, शाळा-कॉलेज, सगळं सहकारातलं. १९९८ मध्ये केंद्र सरकारनं इथे वायर्ड व्हिलेज म्हणून प्रकल्प आणला, कोल्हापूर-सांगलीतली सुमारे ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायची. तेव्हा स्वप्नं मोठी होती. बाजारभाव, पिकाचा सल्ला, जमिनीचे उतारे, सगळं गावातल्या केंद्रावर मिळणार म्हणून. मी लहान होतो, आम्ही शाळेतली पोरं केंद्राच्या खिडकीला नाक लावून तो कॉम्प्युटर बघायचो.

प्रत्यक्षात लोकांनी काय वापरलं? ऊस. लागणीची नोंद, तोड कधी येणार, टनेज किती भरलं, खत किती उचललं, बिल किती. बाकीचं बहुतेक तसंच पडून राहिलं. मला हे अपयश वाटत नाही हां, लोकांना सोसायटीकडून-कारखान्याकडून जे कळत नव्हतं ते कळायला लागलं म्हणून तेवढंच टिकलं. नंतर कॉम्प्युटर जुने झाले, वीज नाही, दुरुस्ती नाही, आणि २००६-०७ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधन केंद्रातली मंडळी आली, त्यांनी सात गावांत कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस बसवून बघितला. जे काम पीसीवर व्हायचं ते मेसेजवर व्हायला लागलं, खर्च कमी, आणि मुख्य म्हणजे ज्याच्या खिशात फोन आहे तो केंद्रवाल्याला न विचारता आपल्या उसाची चौकशी करू शकला. स्मार्टफोन यायच्या आधीची गोष्ट आहे ही.

आता दुधाचं सांगतो, ते तर मी रोज बघतोय. आमच्या गल्लीतल्या डेअरीत सकाळी साडेपाचला रांग लागते. आधी माप आणि डिग्री होती, सचिव म्हणेल तो फॅट. मग इलेक्ट्रॉनिक काटा आला, फॅटचं मशीन आलं, चिठ्ठी निघायला लागली, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. माझी आई शाळेत गेलेली नाही पण चिठ्ठीवरचा फॅटचा आकडा तिला बरोबर कळतो, म्हैस तीच, वैरण तीच आणि काल ६.८ असताना आज ६.१ कसा लागला हे ती तिथल्या तिथे विचारते. दहा दिवसांचं बिल आलं की सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडून माझ्याकडून बेरीज करून घेते.

पण सुरुवातीला काय झालं ऐका. काटा आला तेव्हा त्याचा आकडा दिसणारा डबा सचिवाच्या बाजूला तोंड करून ठेवला होता. बाया रांगेत उभ्या, आकडा दिसणार सचिवाला. मशीन पन्नास हजाराचं आणि परिस्थिती मापाच्या वेळेसारखीच. दोन महिन्यांनी चार-पाच जणींनी सांगितलं की डबा इकडे फिरवा नाहीतर आम्ही उद्यापासून खासगीवाल्याला दूध घालतो. डबा फिरवला. त्याला पैसा लागला नाही, अर्धा तास लागला. त्या दिवसापासून वजनावरून भांडण नाही.

तुमच्या सोसायटीतही स्क्रीन कुणाकडे तोंड करून आहे ते बघा, मी अगदी शब्दशः म्हणतोय.

---

वेलिंग्टनवाली

मी न्यूझीलंडमध्ये असते, माहेर सांगली. इथे लुमिओ नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, २०१२ मध्ये वेलिंग्टनमध्येच सुरू झालेलं, आणि ते बनवणारे लोकही स्वतः कामगारांची सहकारी संस्था आहेत. आमच्या गटात आम्ही ते वापरतो. एखादा प्रस्ताव मांडायचा, आठवडाभर चर्चा, मग प्रत्येकानं सहमत, तटस्थ, असहमत किंवा ठाम विरोध असं सांगायचं आणि का ते एका ओळीत लिहायचं. सभेला न येणारी, कमी बोलणारी माणसं त्यात लिहितात हे मी अनुभवलंय, विशेषतः बायका.

पण आमचा गट २६ जणांचा, सगळ्यांकडे लॅपटॉप, सगळ्यांना टायपिंग येतं. तुमच्याकडे ४०० सभासद आणि त्यातले कितीतरी साठीच्या पुढचे, तिथे हे ॲप जसंच्या तसं नेऊन काही होणार नाही. त्यातली एकच गोष्ट घेण्यासारखी वाटते, ती म्हणजे विषय सभेच्या आधी लोकांपुढे जाणं. वीस मिनिटांत ११ विषय मंजूर होतात कारण ते विषय लोकांनी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलेले असतात. तुम्ही सभेच्या आठ-दहा दिवस आधी ताळेबंदातल्या चार महत्त्वाच्या ओळी साध्या मराठीत बोलून, दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज करून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात तर? वाचता न येणारे पण ऐकतील. माझी आजी असंच सगळं ऐकते.

---

शिवारातली

सगळ्यांचे खूप आभार, रात्री अकराला सगळं दोनदा वाचलं. वारणाकाठ दादा, तुमचं वाचून मी काल मुद्दाम बघून आले, आमच्या सोसायटीत कॉम्प्युटर आतल्या खोलीत आहे, दाराला पडदा, सभासद बाहेरच्या बाकावर बसतो आणि आतून आवाज येतो, इतके भरा. मला इतके दिवस हे खटकलंच नव्हतं.

गटसचिव काकांना एक विचारायचंय. सभासदाला विचारून बाक्या तपासायच्या म्हणजे नेमकं कसं करू? मी एकटी संचालक, सचिव म्हणतात यादी गोपनीय आहे, बाहेर देता येत नाही.

---

जुना_गटसचिव

गोपनीय वगैरे काही नाही ताई. सहकार कायदा १९६० चा, त्यातलं कलम ३२ काढा. सभासदाला शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्तं आणि वहीतला त्याच्या स्वतःच्या व्यवहाराचा भाग फुकट बघता येतो. नक्कल हवी तर लेखी अर्ज आणि शुल्क भरा, महिन्याच्या आत द्यावी लागते. तुम्ही तर संचालक आहात. अर्ज तोंडी करू नका, दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच द्यायला नाही म्हणाले तर रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि एक प्रत सहाय्यक निबंधकांना, म्हणजे सहकार खात्याच्या तालुक्याच्या अधिकाऱ्यांना.

मग मासिक मीटिंगमध्ये ठराव मांडा की प्रत्येक कर्जदाराला त्याच्या खात्याचा उतारा छापून द्यायचा आणि १५ दिवसांत हरकत असेल तर पावतीसह घ्यायची. प्रिंटर आलाय ना, मग कागदाच्या दोन रिमांचा खर्च. याला उघडपणे विरोध करायला कुणालाही जड जाईल. आणि लेखापरीक्षक वार्षिक सभेतच नेमायचा असतो, सरकारनं मान्य केलेल्या लेखापरीक्षकांच्या यादीतून, तो विषय बहुतेक ठिकाणी चेअरमन सांगेल ते नाव म्हणून निघून जातो. यंदा त्या विषयाला उठून उभ्या राहा, विचारा की मागच्या दोष दुरुस्ती अहवालाचं, म्हणजे लेखापरीक्षणात निघालेल्या चुका दुरुस्त केल्याच्या अहवालाचं, काय झालं. तेवढा एकच प्रश्न.

---

बांधकरी

काकांशी बाकी सहमत, फक्त एक विनंती. त्या ग्रुपवर किंवा चावडीवर थकबाकीदारांची नावं टाकायच्या फंदात कुणी पडू नका, पारदर्शकतेच्या नावाखाली हे फार चालतं. आमच्या गावात तशी यादी व्हॉट्सॲपवर फिरली, मुलीचं लग्न ठरत होतं त्या घराचं नाव वर होतं, आणि नंतर निघालं की आकडाच चुकीचा होता. त्या माणसानं सहा महिने सोसायटीची पायरी चढली नाही. मोठ्या संचालकांची कर्जं मात्र त्या यादीत नव्हती. ज्याचा आकडा त्याला द्या, आणि संस्थेचे आकडे, म्हणजे तफावत किती, खर्च किती, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडे एकूण येणं किती, हे सगळ्यांना द्या. उलटं नको.

---

शिवारातली

बांधकरी, हे फार बरं झालं सांगितलंत, माझ्या डोक्यात यादी लावायचंच होतं. नाही लावणार.

आठवडा झाला म्हणून काय काय झालं ते लिहिते. अर्ज दिला, पोच मिळाली, दोन दिवस टाळाटाळ झाली पण सभासदांची यादी हातात आली. मी आणि दुसऱ्या राखीव जागेवरच्या काकू, दोघी ती घेऊन ओसरीवर बसलो. नाव, गट नंबर, आधार, मोबाइल असे रकाने. मोबाइलच्या रकान्यात खाली खाली बोट फिरवत गेलो तर एकच नंबर परत परत. मोजले, ४१२ पैकी १३७ जणांच्या नावापुढे एकच नंबर, आणि तो सचिवांचा. मी त्यांना फोन केला, ते म्हणाले रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नव्हतं, लोकांचे नंबर माझ्याकडे नव्हते, वरून रोज विचारणा होत होती किती एंट्र्या झाल्या म्हणून, मग माझा टाकला. मला त्यांचा राग आला आणि खरं सांगायचं तर कीवही आली, तीन गावांची चढवाचढव एकट्या माणसानं केली आहे. पण उद्या भरण्याचे मेसेज सुरू झाले तर १३७ जणांचे मेसेज एकाच फोनवर जाणार होते.

म्हणून आता ठरवलंय. आधी ते नंबर. काकू खालची आळी करतात, मी वरची आणि मळ्यातली घरं, कालपर्यंत ५८ झाले. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना विचारतोय की कुणाचा टाकू, मुलाचा, सुनेचा की शेजारणीचा, आणि ते सांगतील तोच लिहितोय. एका आजींनी मुलाचा नंबर नको म्हणून स्पष्ट सांगितलं, नातीचा टाक म्हणाल्या, ती बारावीला आहे, ती मला खरं वाचून दाखवते.

उतारे छापायचा ठराव शुक्रवारच्या मीटिंगच्या विषयात घातलाय. पडदा काढायचं मात्र विषयात घातलं नाही, सचिवांनाच सांगितलं की टेबल बाहेर घ्या, वारा पण लागेल, तर ते हो म्हणाले. सासऱ्यांच्या २४ जूनच्या पावतीची झेरॉक्स अर्जाला लावून सहाय्यक निबंधकांकडे दिली आहे, मूळ पावती घरी डब्यात आहे. काका, तिथून किती दिवसांत उत्तर येतं साधारण?

---

जुना_गटसचिव

दोन महिने धरा. महिन्यानं स्मरणपत्र द्या, पहिल्या अर्जाचा आवक नंबर त्यावर घाला. आणि ताई, नंबर गोळा करताना प्रत्येकाला त्याची शेवटची पावती शोधून ठेवायला सांगा, उतारा हातात पडला की लगेच लागेल.